जांबोटीच्या वाटेवरचे छत्तीस किलो

पिरनवाडी मागे पडली आणि गाडी जांबोटीच्या रस्त्याला लागली की बेळगावच्या माणसाचा जीव जरा सैल होतो. किणये येतं, हवा बदलते. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली की रस्त्याच्या कडेची माती तांबडी व्हायला लागते आणि जांभा दगड डोकं वर काढतो. पावसाळ्यात तर विचारू नका. बेळगावात आपण छत्री मिटून घरी येतो त्या दिवशी कणकुंबीत छपराच्या पन्हळी धो धो वाहत असतात. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हा रस्ता म्हणजे उघडलेलं पुस्तकच. कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटरवर उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीवरून तीनशे किलोमीटर पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते, आणि तिथून हाकेच्या अंतरावरच्या डोंगरातलं पाणी पश्चिमेला म्हादईतून अरबी समुद्राला जातं. एका डोंगरावर पडलेल्या दोन थेंबांची अशी ताटातूट मुलांना वर्गात सांगून कळत नाही. इथं आणून दाखवली की एका मिनिटात कळते.

तर या रस्त्यासाठी मी मोटारसायकल घेतली. २०१९ साली हीरो कंपनीनं काढलेली एक्सपल्स २००. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, जमिनीपासून पोटाची उंची २२० मिलिमीटर. दगडधोंडे, राड, ओहोळ यांतून जाण्यासाठी केलेली उंच गाडी. आमच्या कॉलेजची पोरं तिला ‘ट्रेल बाइक’ म्हणतात. आमची सौभाग्यवती मूळची धारवाडची, ती तिला ‘कुदरी’ म्हणते. कुदरी म्हणजे घोडी, आपल्या वाचकांना सांगायला नकोच. चाळिशी ओलांडल्यावर नवऱ्यानं अशी घोडी घरात आणली की बायकोला जे वाटतं ते तिला वाटलं, पण ती फारसं बोलली नाही.

बोलायची वेळ २०२३च्या ऑगस्टमध्ये आली.

जांबोटी सोडून आत दीडेक किलोमीटरवर माझ्या एका विद्यार्थिनीचं गाव. तिनं पावसाळ्यात कॉलेजला यायचं बंद केलं होतं. फॉर्म भरायची तारीख जवळ आलेली, फोन लागत नव्हता. म्हटलं, रविवार आहे, जाऊन येऊ. गावाला जाणारी वाट जंगलातली नव्हे. (२०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून त्या भागातल्या वनहद्दीत गाड्या घुसवणं बंद आहे आणि ते योग्यच आहे. आपल्या मौजेसाठी अस्वलांनी घर का सोडावं?) ही साधी पाणंद होती, दोन्ही बाजूला भातशेतीचे बांध आणि मधे बैलगाडीची चाकोरी. एका ओहोळाच्या चढावर पुढचं चाक जांभ्यावरच्या शेवाळावरून सरकलं. वेग पायी चालण्याएवढा. मी पाय टेकला, पण पायाखाली राडच होती. गाडी सावकाश, अगदी सन्मानानं आडवी झाली आणि माझा डावा पाय तिच्याखाली गेला.

हाड मोडलं नाही. बूट जाड होता आणि खाली माती मऊ होती. पण पाय निघेना. गाडी ढकलायला गेलो तर ती हलेना. पाऊस पडतोय, ओहोळाचं पाणी एका हातावर वाजतंय आणि आपण पंचेचाळीस वर्षांचे प्राध्यापक पाठीवर पडून आभाळ बघतोय. फार नाही, दहा-बारा मिनिटं गेली असतील. त्या बारा मिनिटांत मी काय काय विचार केला ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की पाण्याची पातळी वाढते आहे का, हे मी एका दगडाकडे बघून मोजत होतो.

मग वरच्या बांधावरून आवाज आला, “काय ओ, लागलं काय?”

डोक्यावर इरलं घेतलेल्या एक मावशी. त्यांनी हाक मारली तसा त्यांचा मुलगा आला. दोघांनी मागून गाडी धरली, मी पाय ओढला, आणि मग तिघांनी मिळून ती उभी केली. पोरगा धापा टाकत म्हणाला, “सर, काय भरलासा हो हिच्यात?”

त्यांच्या घरी चहा घेताना त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मी दोन्ही बाजूच्या पेट्या उघडून दाखवल्या. हवा भरायचा पंप. दोन ट्यूब. पान्यांचा अख्खा संच. गॅसचा छोटा स्टोव्ह. दोरखंड. प्रथमोपचाराची पेटी. जादा रेनकोट. थर्मास. आणि घडीची खुर्ची! खुर्ची बघून मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या अंगणात मुलाची टीव्हीएस एक्सएल उभी होती. नव्वद किलोच्या आतबाहेरची ती गाडी, मागे तांदळाचं पोतं टाकून रोज त्याच पाणंदीतून जाते. तिला ट्रेल बाइक म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

विद्यार्थिनीचं घर तिथून आणखी अर्धा किलोमीटर होतं. मला जाववलं नाही. फॉर्म त्या मुलाच्या हाती दिला आणि लंगडत घरी आलो.

घरी सूज बघून सौभाग्यवती म्हणाली, “साक माडरी इन्न.” आता पुरे करा. मी वाद घातला नाही, कारण तिचं चुकत नव्हतं. दोन दिवसांनी तिनंच तोडगा काढला. म्हणाली, गाडी विकायला मी सांगत नाही. अंगणात ती आडवी करायची आणि माझ्यासमोर एकट्यानं उभी करायची. जमलं तर जा. नाही जमलं तर ओएलएक्सवर फोटो टाकायचा.

पाय बरा झाल्यावर मी प्रयत्न केला. नाही जमलं. कमरेत उसण भरली ती वेगळीच.

आपल्या बेळगावचं एक बरं आहे. लोखंडाचा कुठलाही प्रश्न असला की उद्यमबागेत जायचं. तिथं भट्टीत लोखंड वितळतं, लेथवर कातलं जातं आणि दर तुकड्याचं वजन होतं, कारण ओतकामाचा सगळा हिशोब किलोवर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं तिथं मशीन शॉप आहे. त्याच्याकडे जमिनीलगतचा मोठा काटा होता. गाडी टाकी भरून, पेट्या-बिट्यांसकट काट्यावर चढवली. १९० किलो!

कंपनीच्या कागदावर पेट्रोल-ऑइल भरून वजन १५४. म्हणजे छत्तीस किलो माझे होते. घडीच्या खुर्चीसकट.

तिथले मेस्त्री साठीचे, बैलहोंगलकडचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “भाळ भार ऐतरी, सर. मोदल ई पेट्टगी तगीरी.” आधी या पेट्या काढा. मग आम्ही एकेक वस्तू सोडवून काट्यावर ठेवत गेलो आणि मी वहीत लिहीत गेलो. दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या, रिकाम्या, ८.२ किलो. त्या अडकवायची लोखंडी चौकट ५.४. आतलं सामान १२.३. इंजिनाभोवतीचा लोखंडी गार्ड ६.२. पोटाखाली मी हौसेनं लावलेली पोलादी प्लेट ३.१, तीही कंपनीच्या प्लेटच्या खाली दुसरी! धुक्यासाठीचे दोन दिवे आणि त्यांची वायर मिळून जवळजवळ एक किलो. यातली एकही वस्तू मी वेड्यासारखी घेतली नव्हती. प्रत्येक वस्तू घेताना एक भीती होती. पंक्चर झालं तर, पडलो तर, अंधार झाला तर. दुकानदारानं ती भीती ऐकून घेतली आणि तिच्या मापाचं लोखंड दिलं.

मी म्हटलं, लोखंडाच्या जागी सगळं ॲल्युमिनियम करू या. लोखंडाची घनता ७.८ आणि ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे वजन तिसऱ्या हिश्शावर येईल. भूगोलवाल्याचं विज्ञान ऐकून मेस्त्री हसले. ॲल्युमिनियम तेवढंच मजबूत हवं तर जाड घ्यावं लागतं, त्यामुळे वाचतं ते निम्म्याच्या आसपास, आणि मार बसला की पोलाद वाकतं तिथं ते तडकू शकतं. वाकलेलं हातोडीनं सरळ होतं, तडकलेल्याला वेल्डिंगवाला शोधावा लागतो. तेव्हा बदलण्यापेक्षा काढणं बरं. जी वस्तू गाडीवर नाहीच, ती सर्वांत हलकी आणि फुकट.

पण मेस्त्रींनी त्या दिवशी शिकवलेली खरी गोष्ट वेगळीच. कारखान्यातली एक पाच किलोची ओतीव चकती त्यांनी मागच्या कॅरिअरवर बांधली आणि मला गाडी दोन्ही बाजूंना झुलवायला लावली. मग तीच चकती इंजिनाखाली, पोटाशी बांधली. वजन तेवढंच, पण पहिल्या वेळी गाडी हातातून निसटू बघत होती आणि दुसऱ्या वेळी काही जाणवलंच नाही. उंचावरचं आणि मागचं वजन गाडीला पाडतं, पोटाशी असलेलं फारसं त्रास देत नाही. घागर डोक्यावर आणि घागर कमरेवर यातला फरक बायकांना विचारा. माझ्या पेट्या नेमक्या वर आणि मागे होत्या. शेवाळाचा काही दोष नव्हता.

चाकांचं तसंच. टायर, ट्यूब, रिम यांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि शिवाय ते गरगर फिरतं. म्हणून चाकात वाढवलेला एक किलो अंगावरच्या दोन किलोंपेक्षा जास्त खुपतो. मी पंक्चरच्या भीतीनं जाड ट्यूब घालणार होतो, तो बेत सोडला.

मग कंपनीनं दिलेल्या १५४ किलोंतून काय कमी करता येईल ते पाहिलं. इथं कॉलेजच्या पोरांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. सर, सायलेन्सर बदला, तीन-चार किलो वाचतात. सर, मागचा मडगार्ड कापा. आरसे काढा. इंडिकेटर कशाला? साडी गार्ड काढा, फुटरेस्ट काढा. शर्यतीच्या गाड्यांना यातलं काही नसतं हे खरं. एंड्युरो शर्यतीच्या गाड्या शंभर-एकशे दहा किलोंच्या आसपास असतात. पण त्या ट्रकमधून येतात आणि ट्रकमधून जातात. आपल्याला पिरनवाडीच्या पोलिसासमोरून जायचं आहे. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आच्छादन, हे सगळं मोटार वाहन नियमांत सक्तीचं आहे. सायलेन्सरचं तर मी कायद्यापर्यंतही गेलो नाही. कणकुंबीत पहाटे फक्त पाण्याचा आणि देवळाच्या घंटेचा आवाज येतो. तिथं तीन किलो वाचवून फटफट करत जाणाऱ्याला गावानं हाकलून द्यावं.

साडी गार्डचा विषय मी घरी काढून पाहिला. जेमतेम किलोभर असेल, असं म्हणालो. सौभाग्यवतीनं भाकरी थापता थापता विचारलं, “मग मी कुठं बसू?” विषय तिथंच संपला.

उरलं काय? पेट्रोल. एक्सपल्सची टाकी १३ लिटरची. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जरा आतच भरतं, म्हणजे भरलेल्या टाकीत साडेनऊ किलो, आणि तेही गाडीवर अगदी वर. बेळगाव ते कणकुंबी जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आत. निम्म्या टाकीत दोनशे किलोमीटर आरामात होतात. टाकी निम्मी ठेवली की पावणेपाच किलो कमी, खर्च शून्य. पोरं ज्या टायटॅनियमच्या नटबोल्टांची स्वप्नं बघतात, त्यातून हजारो रुपये घालून काही ग्रॅम वाचतात. निम्मी टाकी त्यांना सुचली नाही, कारण ती दुकानात मिळत नाही.

पैसे घालून मी एकच गोष्ट केली. बॅटरी बदलली. जुनी शिशाची बॅटरी सव्वादोन किलोंची होती, लिथियमची पाऊण किलोची बसवली. दीड किलो वाचला. महाग पडली आणि ती बसवण्याआधी गाडीचं चार्जिंग तिला मानवतं का, हे इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घेतलं. प्रत्येकानं करावंच असं मी म्हणणार नाही. गार्ड काढला, पण हॅन्डलवरचे हाताचे गार्ड ठेवले, कारण पडल्यावर क्लचचा दांडा मोडला तर घरी यायचे वांधे. सामान एका कापडी पिशवीत बसवलं. एक ट्यूब, ती काढायचे दोन दांडे, छोटा पंप, चार पाने, पट्टी आणि मलम. सव्वा किलो. ही पिशवी आता टाकीच्या पुढे नाही, मागेही नाही, बॅशप्लेटच्या वर इंजिनाशेजारी बांधतो.

गाडी पुन्हा काट्यावर चढवली. १४९ किलो! मी विजयी मुद्रेनं मेस्त्रींकडे पाहिलं. ते काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, “निमदू वजन नोडरी.” तुमचंही बघा की. मी चढलो. ८६. पुढचे सहा महिने पहाटे व्हॅक्सीन डेपोच्या झाडांखाली चालत होतो, एवढंच सांगतो. चार किलो गेले. ते कुठल्याही दुकानातून घेतलेल्या चार किलोंपेक्षा जड होते.

उचलायचं तंत्र मात्र वजनाहून निराळं, आणि ते आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदार मामांनी शिकवलं. लष्करात त्यांनी मोटारसायकलवरून टपाल नेलं आहे. त्यांनी सांगितलं, गाडी पडली की आधी इंजिन बंद. मग गियर टाकायचा, नाही तर चाक फिरतं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडत नाही. हॅन्डल जमिनीकडे पूर्ण वळवायचं. गाडीकडे पाठ करायची, ढुंगण सीटला टेकवायचं, एका हातानं हॅन्डल आणि दुसऱ्यानं मागची मूठ धरायची, पाठ ताठ ठेवायची आणि लहान लहान पावलं टाकत मागे रेटायचं. जोर मांड्यांचा, कमरेचा नव्हे. काट्यावरचं सगळं वजन कधीच आपल्या हातात येत नाही. बराचसा भार जमिनीला टेकलेली चाकं पेलतात. आधी मी समोरून वाकून, पोतं उचलावं तशी गाडी उचलत होतो. १५४ किलोंचीसुद्धा तशी उचलली नसती.

जानेवारीतल्या एका रविवारी अंगणात परीक्षा झाली. गाडीखाली जुनी गोणपाटं अंथरली. सौभाग्यवती पायरीवर, सुभेदार मामा कंपाउंडवर, समोरच्या वैनी गॅलरीत. पहिल्या रेट्याला गाडी अर्धी उठली आणि परत बसली. दुसऱ्या वेळी उठली. उभी राहिली. टाळ्या वैनींनी वाजवल्या. सौभाग्यवती म्हणाली, “आता उजव्या अंगावर.” तीही उचलली.

२०२४च्या जुलैत त्याच पाणंदीत गेलो. त्याच ओहोळाच्या चढावर, खोटं कशाला सांगू, पुन्हा पडलो. यावेळी पाय बाहेर काढायला वेळ मिळाला, कारण गाडी पडताना मला खाली ओढत नव्हती. इंजिन बंद केलं, गियर टाकला, पाठ लावली. राडीत पाय घसरत होते म्हणून दोन चपटे दगड टाचांखाली घेतले. गाडी उभी राहिली तेव्हा वर पाहिलं, तर बांधावर इरल्यातल्या मावशी उभ्या होत्या.

“हाक मारायची न्हाई?” त्या म्हणाल्या.

“उचलली की, मावशी.”

“तेच बघत हुतो,” असं म्हणून त्या लावणीला निघून गेल्या.

त्या दिवशी पुढचा अर्धा किलोमीटर गेलो. विद्यार्थिनी घरी नव्हती. ती कॉलेजला गेली होती, जांबोटीहून बसनं, वसतिगृहाचा अर्ज भरायला. तिच्या आजीनं फणसाची साठं दिली. शंभर ग्रॅम असतील. खिशात घातली.

परवाच्या रविवारी सौभाग्यवती म्हणाली, मलाही कणकुंबी बघायची आहे. साडी गार्ड होताच. ती मागे बसली तेव्हा खांद्याला एक पिशवी होती. वाटेत मी काही विचारलं नाही. माउलीच्या देवळाच्या पायऱ्यांवर तिनं ती उघडली. स्टीलचा तीन ताळी डबा, उप्पीट, चटणी, दोन पातळ चादरी, माझा स्वेटर, तिचा स्वेटर, छत्री, बॅटरी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि थर्मास. थर्मासमधला चहा अजून वाफाळत होता. आम्ही तो घेतला आणि पाऊस थांबायची वाट बघत बसलो.